फरशी न फोडता

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतलं बाथरूम डोळ्यांसमोर आणा. भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत टाइल्स, त्यांवर फिकट निळी फुलं, मध्येच एका रांगेत बदकांची पट्टी. सांधे काळे पडलेले. नळावर पांढरा खर. खिडकीच्या तिरप्या काचांपैकी एक गायब आणि तिच्या जागी पुठ्ठा. घरात विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘‘सगळं फोडून एकदाच नवं करून टाकू.’’

माझं मत उलट आहे. बाथरूम जुनं दिसतं ते टाइल्समुळे कमी. काळे सांधे, खराब नळ आणि अपुरा उजेड यांमुळे जास्त. यातलं बरंचसं आपण घरच्या घरी, दोन शनिवार-रविवारांत पालटू शकतो. फरशीतून गळती नसेल, तर ती मात्र फोडू नये.

का, ते फरशीखाली काय असतं यावरून कळेल. बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या खोल्यांपेक्षा साधारण फूटभर खाली ओतलेला असतो. त्या खड्ड्यात पाणी अडवणारा थर म्हणजे वॉटरप्रूफिंग करतात, सांडपाण्याचे पाइप टाकतात, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि सर्वांत वर फरशी बसते. वरून हातोडा चालवला की हादरा थेट त्या थराला आणि पाइपांच्या जोडांना बसतो. फरशी नवी चकचकीत होते, आणि दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे शेजारी दार वाजवतात.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, तपासणीचं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं प्रत्येक टाइल हलकेच ठोकत जावी. भरीव आवाज आला तर टाइल भिंतीला धरून आहे. पोकळ आवाज आला तर मागचा माल सुटला आहे. पोकळ टाइलवर खडूनं फुली मारावी. मग बादलीभर पाणी फरशीवर ओतून पाच मिनिटांनी पाहावं. कुठल्या कोपऱ्यात ते साचतं, ते कागदावर लिहून ठेवावं.

आता फरशीची परीक्षा. नहाणी म्हणजे फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड. तिची जाळी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ओला फडका तोंडात घट्ट बसवावा. फडक्याला सुतळी बांधून तिचं टोक बाहेर ठेवावं, नाहीतर फडका आत जातो आणि दुसरंच काम उभं राहतं. उंबऱ्याच्या वर जाणार नाही इतपत, इंचभर पाणी भरावं, भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची खूण करावी आणि चोवीस तास बाथरूम बंद ठेवावं. खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. त्यांच्या छतातून थेंब पडू लागला किंवा दिव्याजवळ ओल दिसली, तर लगेच सुतळी ओढून पाणी सोडून द्यावं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. थोडं पाणी वाफ होऊन जातंच, आणि घाबरलेला माणूस त्यालाच गळती समजतो. त्यावर सोपा उपाय आहे. त्याच दिवशी एका सरळ बाजूंच्या डब्यात पाणी भरून, खूण करून, तो बाथरूममध्येच ठेवावा. फरशीवरची पातळी डब्याइतकीच उतरली तर ती वाफ. डब्यापेक्षा स्पष्ट जास्त उतरली तर पाणी कुठेतरी मुरतंय. मात्र आधी फडका नीट बसलाय ना, हे पाहावं. खाली ओल दिसायला दोन-तीन दिवसही लागतात, कारण पाणी आधी विटांच्या भरावात साठतं. परीक्षेत फरशी नापास झाली तर हा लेख इथेच बाजूला ठेवावा आणि वॉटरप्रूफिंगची कामं करणारा जाणकार माणूस बोलवावा. ते हौसेनं करण्याचं काम नव्हे.

फरशी पास झाली असं धरून पुढे जाऊ. सोसायटीच्या सचिवांना चार ओळींचं पत्र द्यावं आणि ठोकाठोकीची वेळ विचारून घ्यावी. गळतीबाबत नियम असा, की घरातल्या संडास-बाथरूममधून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सदनिकाधारकाचा आणि बाहेरच्या सामाईक पाइपांचा सोसायटीचा. हे माहीत असलं की पुढचे वाद निम्मे होतात.

इलेक्ट्रिशियनला सर्वांत आधी बोलवावं, कारण त्याच्या कामाला भिंतीत भोकं पडतात आणि ती नव्या सांध्यांनंतर पडलेली बरी नाहीत. विजेचं काम आपण स्वतः करायचं नाही. पण काय करून घ्यायचं, ते आपल्याला ठाऊक हवं. दोन किलोवॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा. साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर तो लावला की सॉकेट हळूहळू भाजून तपकिरी पडतं. गीझरला 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र आणि पुरेशी जाड वायर आणि खरं अर्थिंग हवं. ‘खरं’ म्हणण्याचं कारण असं, की जुन्या घरांत तिसरं भोक दिसतं, पण त्यामागे वायरच जोडलेली नसते.

त्याच वेळी घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलेलं आहे का, ते पाहायला सांगावं. वीज भलत्या वाटेनं, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा आपल्या शरीरातून, जमिनीकडे जाऊ लागली की हे उपकरण क्षणात पुरवठा तोडतं. त्यावर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबावं. दाबल्यावर खटका पडला नाही, तर उपकरण निकामी आहे. खिडकीतल्या पुठ्ठ्याच्या जागी एक्झॉस्ट पंखा बसवून घेण्याचीही हीच वेळ. काळी बुरशी ओलीवर वाढते. पंखा आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू राहिला तर पुढची निम्मी घासाघीस वाचते. दिवाही बदलून घ्यावा. मिणमिणत्या पिवळ्या बल्बखाली इटालियन मार्बलही मळकाच दिसेल.

आता पाणी. नळाला हात लावण्याआधी बाथरूमची पाण्याची चावी सापडायला हवी. जुन्या घरांत ती बहुधा माळ्यावर, दाराच्या वर किंवा डक्टमध्ये असते. सापडली म्हणून हुरळून जाऊ नये. ती खरंच पाणी बंद करते का, हे कामाच्या आदल्या दिवशी पाहावं. वीस वर्षं न फिरवलेली चावी एक तर हलत नाही, किंवा हलते आणि मग थांबत नाही. मी एका रविवारी दुपारी जोर लावला, तर चावीचा दांडा माझ्या हातात आला आणि पाण्याचा फवारा माळ्यावरच्या गणपतीच्या मखरावर. गच्चीवरची चावी बंद करायला वॉचमन सापडेपर्यंत अख्ख्या विंगेला माझं बाथरूम नवं होत असल्याची बातमी कळली. तेव्हा गच्चीवरची चावी कोणती, हे आधी विचारून ठेवावं. पिंपं-बादल्या भरून ठेवाव्यात. गीझरचं बटण बंद करावं, मग पाण्याची चावी.

नळ थेंब-थेंब गळत असेल तर नवा आणण्याआधी त्याचं पोट पाहावं. जुन्या पितळी नळात वायसर असतो, म्हणजे रबराची छोटी चकती. आपण नळ घट्ट पिळत राहतो तशी ती चेपत जाते. वरची मूठ काढायची, आतला आटा पान्यानं सोडवायचा, जुना वायसर घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जायचं आणि त्याच मापाचा आणायचा. काम दहा मिनिटांचं, खर्च नगण्य. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या असतात. त्यांत कचरा अडकला की नळ गळतो. अशा वेळी आतला तो भाग, ज्याला दुकानदार काट्रिज म्हणतात, अख्खा बदलावा लागतो.

नळच बदलायचा असेल तर बाथरूमचा साधा नळ सहसा अर्ध्या इंचाचा असतो. पान्याच्या जबड्यात फडकं धरून तो डावीकडे फिरवावा. खरा धोका इथे आहे. जुने पाइप लोखंडी, म्हणजे जीआयचे असतील आणि आतून गंजले असतील, तर नळासोबत भिंतीतला जोडही फिरू लागतो किंवा आट्यांचा तुकडा आतच मोडतो. नळ हलत नसेल तर जोडावर गंज सोडवणारं तेल सोडून तासभर थांबावं. तरीही हट्ट करत असेल, किंवा भिंतीतून करकर आवाज आला, तर पाना खाली ठेवून प्लंबरला फोन करावा. इथे माघार घेण्यात कमीपणा नाही. पुढे गेलो तर टाइल फोडावीच लागते.

नळ सुटला की भिंतीतले आटे जुन्या टूथब्रशनं स्वच्छ करावेत. नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप, म्हणजे जोडातून पाणी झिरपू न देणारी पांढरी पट्टी, गुंडाळावी. दिशा महत्त्वाची: नळ आवळताना ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूनं, म्हणजे आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. साधारण दहा-बारा वेढे ताणून द्यावेत. नळ आधी हातानं, मग पान्यानं बेतानं आवळावा. तोंड जरा जास्त फिरलं म्हणून तो उलटा वळवून सरळ करू नये. टेपची पकड सुटते. पूर्ण काढून, नवी टेप लावून पुन्हा बसवावा.

पाणी परत सोडताना चावी एकदम उघडू नये. नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवावी आणि चावी हळूहळू उघडावी. पहिल्या मिनिटात गंजाचे कण आणि वाळू येते. ती जाळीत किंवा काट्रिजमध्ये अडकली तर नवा नळ पहिल्याच दिवशी जुना होतो. पाणी स्वच्छ आलं की जाळी बसवावी. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्यावरच गीझर लावावा. रिकाम्या टाकीत चालू झालेला गीझर आतली कॉइल जाळून घेतो.

फ्लशच्या टाकीचं काम याच दिवशी उरकतं. टाकी झिरपते का, हे पाहायला कपड्यांची नीळ कामी येते. टाकीच्या पाण्यात चार थेंब टाकावेत आणि वीस मिनिटं फ्लश ओढू नये. भांड्यात निळी रेघ दिसली तर आतला रबरी पडदा किंवा झडप गेली आहे. अख्खी टाकी बदलण्याची गरज नसते. आतला संच वेगळा मिळतो. आतला तरंगता फुगा खाली वाकवला की टाकी कमी भरते, एवढं तरी कुणालाही जमेल.

यानंतर घासाघीस. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यानं नळांवर, टाइल्सवर जो पांढरा खर चढतो, तो मुख्यतः चुन्याचा, कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आंबट पदार्थात तो विरघळतो. मगभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून त्यात बुडवलेलं फडकं नळाभोवती अर्धा तास गुंडाळावं, मग चोळून भरपूर पाण्यानं धुवावं. शॉवरची जाळी याच पाण्यात बुडवून ठेवावी.

दुकानात स्वस्तात मिळणारं ॲसिड मात्र घरात आणू नये. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. खर जातो, पण सोबत टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं आणि नळाची चकाकी काळवंडते. सांधे खाल्ले गेले की पाण्याला फरशीखाली जायला वाट मिळते. ‘‘आमच्याकडे तर दर महिन्याला ॲसिडनं धुतात’’ असं अभिमानानं सांगणाऱ्या घराखालचं छत जरूर बघावं. आणखी दोन इशारे. जुन्या बाथरूमची फरशी शहाबादी, कडप्पा किंवा कोटा असेल, तर ते चुनखडीचेच दगड आहेत. त्यांवर लिंबूसत्वही चालणार नाही, दगडच झिजेल. आणि बुरशीसाठी ब्लीच वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

भिंत कोरडी झाली की खडूच्या फुल्यांकडे वळू. एक-दोन टाइल्स पोकळ असतील तर डोळ्यांना चष्मा लावून, आधी भोवतीचे सांधे खरवडून, मधून बाहेर अशी छिन्नी चालवत काढाव्यात. नळाच्या सरळ वर आणि गीझरच्या खाली भिंतीत पाइप असतात. तिथली टाइल सोडून द्यावी. जुळणारी टाइल शोधण्यात आठवडा घालवू नये, तीस वर्षांपूर्वीची बदकं आता मिळत नाहीत. वेगळ्या पण शोभणाऱ्या रंगाच्या टाइल्स आणाव्यात आणि त्या टाइल-चिकटवणीनं बसवाव्यात. संपूर्ण भिंतच पोकळ बोलत असेल तर ते काम कारागिराचं.

‘जुन्या टाइलवरच नवी टाइल’ हा पर्याय अनेकजण सुचवतात. खालची टाइल घट्ट असेल आणि त्यासाठीची खास चिकटवण वापरली, तर भिंतीवर तो चांगला टिकतो. फरशीवर मात्र मी तो करणार नाही. टाइल आणि चिकटवण मिळून जाडी एक ते दीड सेंटिमीटर वाढते. दार खाली घासतं, उंबरा बुटका होतो, नहाणी खोल जाते आणि पाणी बाहेरच्या खोलीत यायला बघतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. टाइल्स छातीपर्यंतच का लावल्या होत्या? कारण ती बाथरूमं बादली-तांब्याच्या आंघोळीसाठी, मोरीच्या हिशेबानं बांधलेली होती. पुढे आपण शॉवर लावला आणि पाणी टाइल्सच्या वरच्या रंगावर उडू लागलं. तिथला गिलावा फुगतो, पोपडे पडतात आणि आपण दर दिवाळीला नवा रंग देतो. शॉवर ठेवायचा असेल तर शॉवरच्या भिंतीला तरी सात फुटांपर्यंत टाइल्स हव्यात. नाहीतर हातात धरायचा शॉवर घ्यावा, तो खालीच राहतो. तिसरा इलाज नाही. रंग कितीही महाग आणला तरी.

आता या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वांत आवडणारं काम: सांधे. टाइल्समधलं जुनं पांढरं सिमेंट हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडावं. ब्लेडच्या एका टोकाला जाड कापड गुंडाळावं, म्हणजे हात कापत नाही. घाईत वरवर खरवडलं तर नवा माल पापुद्र्यासारखा निघतो. दिवसभराचं कंटाळवाणं काम आहे हे. रेडिओ लावून बसावं. झालं की ब्रशनं धूळ पूर्ण काढावी.

भरायला तीन गोष्टी मिळतात. पांढरं सिमेंट स्वस्त, पण सुकताना आकसतं, भेगाळतं आणि डाग शोषतं. तयार ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याची भुकटी, त्याहून बरी. इपॉक्सी ग्राउट सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. त्यात दोन द्रव आणि एक भुकटी असते. एकत्र कालवली की रासायनिक क्रियेनं ती घट्ट होते, पाणी आत घेत नाही आणि काळीही सहसा पडत नाही. माझा सल्ला असा, की फरशीला आणि खालच्या तीन फुटांना इपॉक्सी, वर साधं ग्राउट.

इपॉक्सीत जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक एकच असते: अख्खं पाकीट एकदम कालवणं. साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते कडक होऊ लागतं, मे महिन्यात त्याही आधी. म्हणून पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, मोजून, वाटीभरच कालवावं. हातमोजे घालावेत. रबरी पट्टीनं सांध्यांत तिरपं दाबत भरावं आणि हातभर जागा झाली की लगेच ओल्या स्पंजनं टाइलवरचा थर पुसावा. उद्या पुसू म्हटलं तर टाइलवर कायमची धुरकट साय राहते.

भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा मात्र ग्राउटनं भरू नये. इमारत थोडी हलते, उन्हानं प्रसरण पावते, आणि कडक माल नेमका त्या कोपऱ्यात तडकतो. तिथे लवचीक सिलिकॉन लागतं, बुरशीरोधक, बाथरूमसाठीचं. कोपरा पूर्ण कोरडा हवा आणि जुनं सिलिकॉन मुळापासून काढलेलं हवं, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावावी, नळी एका संथ चालीत ओढावी, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोटानं दाबत जावं आणि ओलं असतानाच पट्टी काढावी. चोवीस तास पाणी नाही. आंघोळीची सोय शेजारी किंवा नातेवाइकांकडे आधीच ठरवावी.

घरात वयस्कर माणूस असेल तर सांधे भरायच्या आधीच आधाराची दांडी बसवून घ्यावी. उंची मापपट्टीनं ठरवू नये. आईला स्टुलावर बसवावं, उठायला सांगावं आणि तिचा हात आपसूक जिथे जातो तिथे खूण करावी. टाइलवर चिकटपट्टी लावून, ड्रिलचा हातोड्याचा झटका बंद ठेवून भोक सुरू करावं; टाइल पार झाली की झटका चालू करावा. स्क्रूची पकड मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये हवी. भोकातून नुसती भुसभुशीत माती येत राहिली तर जागा बदलावी. व्हॅक्यूमनं चिकटणाऱ्या दांड्या टॉवेल वाळत घालायला ठीक आहेत, माणसाचं वजन त्यांच्यावर टाकू नये.

आठवडाभरानं पुन्हा नहाणीत फडका बसवून, त्याच पेन्सिलच्या खुणेपर्यंत पाणी भरून चोवीस तास थांबावं. डबा शेजारी असू द्यावा. खालच्या छतावर आधीचा जुना डाग असेल, तर त्याच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून ठेवायला शेजाऱ्यांना सांगावं. विटांच्या भरावात साठलेलं पाणी सुकायला काही आठवडे जातात, तोवर डाग पुसट होणार नाही आणि त्यांचा फोन येत राहील. रेघेबाहेर डाग गेलेला नाही ना, एवढंच विचारायचं, आणि छताला रंग लावायची घाई करू नका म्हणायचं. रंगाचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न ते त्याच फोनवर काढतील.